काळ्या बाटलीतला लव्हाळा

शिळफाटा म्हटलं की बहुतेकांना कल्याण–मुंब्र्याकडचा आठवतो. आमचा शिळफाटा खोपोलीचा, जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरचा. बोरघाट उतरून आलेले ट्रक इथे पोचतात तेव्हा तापलेल्या ब्रेकचा वास त्यांच्याबरोबर येतो. त्यात डिझेल मिसळतं, वड्यांच्या कढईतलं तेल मिसळतं, पावसाळ्यात भिजलेला कातळ मिसळतो. कार्तिक लागला की याच हवेत सुक्या बोंबलांची भर पडते. जवळच साजगाव–ताकईला विठोबाची यात्रा भरते आणि यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो. म्हणून लोकांनी त्या विठोबाला नावच ठेवलंय बोंबल्या विठोबा.

गेल्या कार्तिकात माझी भाची आणि तिचा नवरा पुण्याहून यात्रेसाठी आले. दोघं दारातून आत आली आणि दोघांच्या अंगाला एकच वास आला. दाट, धुरकट, नाकाला जरासा मिरीसारखा झोंबणारा आणि खाली कुठेतरी ओलं लाकूड. भाचीने पर्समधून बाटली काढून दाखवली. काळी काच, काळं झाकण. खोक्यावर लिहिलेल्या मजकुराचा अर्थ असा, की हा परफ्यूम बाईचा नाही आणि पुरुषाचाही नाही. गर्दीत न मिसळणाऱ्या, गूढ, निर्भय माणसाचा आहे.

"मावशी, हा वास माझ्यासारखा आहे का गं?" तिने विचारलं.

मला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या मनात त्या वेळी वेगळीच गोष्ट चालली होती. तो वास मला ओळखीचा वाटत होता. चहा टाकला, कप भरले, आणि मग आठवलं. बुक्का. विठोबाच्या देवळात कपाळाला लावतात तो काळा, भुरभुरीत बुक्का. त्याची कृती बनवणाऱ्यागणिक बदलते, पण नागरमोथा, वाळा, कचोरा अशा वाळवलेल्या सुगंधी द्रव्यांची पूड त्यात असते. वारकरी बाई असो, बाप्या असो, म्हातारा असो की कडेवरचं पोर, बुक्का सगळ्यांच्या कपाळाला तोच. काळा रंग, जड वास आणि स्त्री-पुरुष भेद नाही. खोक्यावर ज्याची नवलाई लिहिली होती ते आमच्याकडे दर एकादशीला कपाळावर असतं.

तेव्हापासून तिचा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. वासाला 'गडद' का म्हणायचं, तो कुणा एकाचा नसतो म्हणजे काय, आणि वास खरंच माणसासारखा असू शकतो का?

वासाला रंग नसतो. तरीही लिंबाच्या सालीला कुणी काळा वास म्हणणार नाही आणि ओल्या खोडाला कुणी पिवळा म्हणणार नाही. यामागे थोडं रसायन आहे आणि थोडी आठवण. लिंबू-संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचा रेणू असतो. त्यात कार्बनचे दहा अणू, रेणुभार १३६. इतका हलका रेणू उबदार त्वचेवर फार वेळ टिकत नाही, भुर्रकन उडतो. चंदन, वाळा, नागरमोथा, पॅचौली यांचे मुख्य रेणू मात्र पंधरा कार्बनच्या घराण्यातले, ज्याला सेस्क्विटर्पीन म्हणतात. त्यांचा रेणुभार २०४ ते २२२ च्या आसपास. हे रेणू सावकाश उडतात. म्हणूनच सकाळी लावलेलं लिंबाचं कोलोन दुपारपर्यंत राहत नाही आणि वाळ्याची जुडी माठात टाकली तर पाण्याला कितीतरी दिवस वास देत राहते.

कोणत्याही परफ्यूममध्ये वरचा, मधला आणि तळाचा असे थर असतात. फवारा मारल्याबरोबर जाणवतो तो वरचा, हलक्या रेणूंचा. फुलांचा बराचसा भाग मधला. आणि रात्री कपडे बदलताना शर्टाला येतो तो तळाचा. ज्याला आपण गडद परफ्यूम म्हणतो त्यात वरचा थर अगदी पातळ ठेवलेला असतो आणि सगळा भार तळाला दिलेला असतो. वास येतो तोच तळापासून.

आठवणीचा भाग याहून मोठा. धूर, राळ, कातडं, ओली माती, जुनं लाकूड या वस्तू मुळातच तपकिरी-काळ्या आहेत. चुलीजवळ, देवघरात, धान्याच्या अंधाऱ्या खोलीत त्या आपल्याला भेटलेल्या असतात. नाक वास घेतं तेव्हा डोळ्यांनी पूर्वी पाहिलेलंही त्याबरोबर वर येतं. वर बाटलीची काच काळी केली की काम पुरं होतं.

आता नागरमोथ्याच्या घराण्यातल्या लव्हाळ्याबद्दल. ही गोष्ट सांगायला मला मनापासून आवडतं, कारण ती आमच्या पायाखालची आहे.

कर्जत–खालापूर हा भाताचा मुलूख. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेली वाणं सगळ्या कोकणात लावली जातात. भातवाल्याला लव्हाळ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. बांधावर, भाजीच्या वाफ्यात, अंगणात, जिथे ओल आहे तिथे तो येतो. उपटला तर पात हातात येते आणि गाठ मातीतच राहते. एका गाठीतून दोरा निघतो, दोऱ्याला पुढची गाठ, तिच्यातून पुढची. आठवड्याभरात पुन्हा हिरवं. जगभरच्या तणांचा हिशेब मांडणाऱ्या लीरॉय होम या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर ग्रंथ काढला, तेव्हा पहिला नंबर या लव्हाळ्याला दिला. शास्त्रीय नाव सायपरस रोटंडस. तुकोबांनी पुरात तगून राहणाऱ्या नम्रतेसाठी ज्या लव्हाळ्याचं उदाहरण दिलं, त्याच्या चिवटपणाला शास्त्राने दिलेलं हे प्रमाणपत्रच म्हणायचं.

याच लव्हाळ्याची गाठ वाळवून कुटली की ती आयुर्वेदातली मुस्ता होते. अत्तराच्या बाजारात ज्याला नागरमोथा म्हणतात ते तेल बहुतेक वेळा त्याच्या सख्ख्या भावाच्या, सायपरस स्करिओससच्या गाठींपासून काढतात. मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यात तो पुष्कळ होतो. वाळलेल्या गाठींतून वाफ सोडतात आणि वाफेबरोबर तेल वर येतं. शंभर किलो गाठींतून जेमतेम किलोभर तेल हाताला लागतं. दाट, तपकिरी आणि धुरकट, त्यात मिरीची एक धार. परदेशातले अत्तरकार त्याला सिप्रिओल म्हणतात. आज जगभर विकल्या जाणाऱ्या गडद, ऊद-वासाच्या परफ्यूममध्ये हे तेल फार वापरलं जातं.

ती मिरीची धार कुठून येते, हे शोधलं पुण्यात. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कपाडिया, नाईक, वाडिया आणि सुखदेव या चौघांनी लव्हाळ्याच्या तेलातले रेणू वेगळे केले आणि १९६७ साली प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकाचं नाव रोटंडोन. रोटंडस या जातीच्या नावावरून ठेवलेलं. त्या वेळी त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मग चाळीसेक वर्षांनी, २००८ साली, ऑस्ट्रेलियातले वाइनवर संशोधन करणारे लोक एक कोडं सोडवत होते. तिथल्या शिराझ द्राक्षांच्या वाइनला मिरीचा वास का येतो? उत्तर निघालं रोटंडोन. काळ्या मिरीला जो तिचा म्हणून वास असतो त्याचंही मोठं कारण तेच निघालं. आपल्या मसाल्याच्या डब्यातली मिरी, परदेशातली वाइन, अगरूचं लाकूड आणि अंगणातला लव्हाळा, या सगळ्यांमध्ये एकच रेणू.

आणि तो किती जोरकस! लिटरभर पाण्यात ८ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. २५ लाख लिटर पाण्याच्या तलावात २० मिलिग्रॅम टाकल्यासारखं हे आहे. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. चाचणीतल्या दर पाच माणसांमागे साधारण एकाला हा वास येतच नव्हता. प्रमाण पाचशे पटीने वाढवलं तरी नाही.

हे वाचल्यावर मी भाची-जावयाला दोघांनाही मनगट हुंगायला लावलं. भाचीला मिरी लगेच आली. जावई म्हणाले, "मावशी, मला नुसतं लाकूड येतंय. गोडसर." कदाचित ते त्या पाचांतले एक असतील. नाकात वास ओळखणारी सुमारे चारशे प्रकारची ग्राहक-प्रथिनं असतात आणि त्यांचा संच माणसागणिक थोडा वेगळा असतो. एकाच्या संचात जी किल्ली बसते ती दुसऱ्याच्या संचात बसतेच असं नाही. म्हणजे एकाच बाटलीतून दोघांनी एकच द्रव अंगाला लावला, आणि दोघं दोन वेगळे वास घेऊन घरात वावरत होते. हा वास माझ्यासारखा आहे का, या प्रश्नाच्या उत्तरात पहिली अडचण हीच. तो कुणाच्या नाकाने ठरवायचा?

बाटलीवर ऊद हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. हा शब्द जणू अरबस्तानातून परवाच विमानाने उतरलाय, अशा तऱ्हेने लोक तो उच्चारतात. खरं तर आपण तो रोज तोंडात घेतो. उदबत्ती म्हणजे ऊद अधिक बत्ती. अरबी भाषेत ऊद म्हणजे लाकूड, आणि सुगंधाच्या बाबतीत म्हणजे अगरूचं लाकूड. मराठीत ऊद घालणं म्हणजे निखाऱ्यावर धूप टाकणं. अगरबत्तीतला अगरही तोच. एकाच झाडाचे दोन शब्द, दोन वाटांनी आलेले, आपल्या देवघरात शेजारी शेजारी राहतात.

ते झाड अक्विलारिया. आसामात होतं, पूर्वेकडच्या देशांतही होतं. त्याचं निरोगी लाकूड पांढरट, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. खोडाला जखम झाली, किड्यांनी भोक पाडलं, त्यातून बुरशी आत शिरली, की झाड स्वतःच्या बचावासाठी काळसर राळ तयार करतं. वर्षानुवर्षं ती राळ लाकडात मुरते, आणि तेवढाच भाग ऊद होतो. ज्या वासाला बाटलीवाले गूढ म्हणतात तो झाडाच्या आजारपणाचा वास आहे. झाडाने आपल्या जखमेवर जे लावलं ते माणूस आपल्या मनगटावर लावतो. जंगलातली ही झाडं इतकी तोडली गेली, की १९९५ साली अक्विलारिया मलाक्केन्सिस ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावी लागली आणि पुढे २००४ मध्ये अक्विलारियाच्या सगळ्याच जाती. तेव्हा काळ्या बाटलीवर ऊद लिहिलं म्हणजे आत खरं ऊद आहेच असं समजू नये. पुष्कळदा तिथे नागरमोथा असतो, पॅचौली असते आणि प्रयोगशाळेत बनवलेले लाकूड-वासाचे रेणू असतात. मला यात फसवणूक दिसत नाही. झाडाच्या दृष्टीने तर भलंच. पण घेणाऱ्याला ते ठाऊक असावं.

ऊदाचं रसायनही पुण्याने उलगडलं आहे. त्याच पाषाणच्या प्रयोगशाळेत भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगरूच्या तेलातले अगरोफ्यूरान हे रेणू वेगळे करून १९६३ साली त्यांची रचना मांडली. ज्या वासाला पॅरिसच्या मोठ्या दुकानांत २००२ नंतर खरी किंमत आली, त्याचा नकाशा चाळीस वर्षं आधी पुण्यात काढलेला होता. ही गोष्ट आपल्याकडे शाळेत का सांगत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आमचा तालुकाही या धंद्यात आहे. शिळफाट्याहून खाली, पाताळगंगेच्या काठाने सावरोली–खारपाडा रस्ता जातो. त्या रस्त्यावर खालापूर तालुक्यातल्याच वाशिवलीला एस. एच. केळकर कंपनीचा कारखाना आहे. १९२२ साली मुंबईत सुरू झालेली ही मराठी माणसांची कंपनी. साबण, उदबत्ती, पावडर, अत्तर यांना लागणारे वास ती बनवते. तिचं 'कोब्रा' हे नाव अत्तरवाल्यांना आणि उदबत्तीवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. मुलुंडचं वझे महाविद्यालय केळकर ट्रस्टचं. तिथे परफ्यूम आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. ज्या पोरांना वासाचं वेड आहे त्यांनी फ्रान्सकडे बघण्याआधी मुलुंडकडे बघावं, असं मी भेटेल त्याला सांगते.

आता त्या खोक्यावरच्या दुसऱ्या दाव्याकडे. हा परफ्यूम बाईचाही नाही, पुरुषाचाही नाही. यात बंडखोरी आहे असं वाटतं, कारण आपण दुकानात दोन वेगळी कपाटं बघत आलो. पण ती कपाटं फार जुनी नाहीत. १७०९ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना नावाच्या इटालियन माणसाने जे पाणी बनवलं, ते बायका लावत आणि पुरुषही. नेपोलियनला तर त्याचं व्यसनच होतं. १८८९ मध्ये गेर्लांच्या अत्तर-घराण्यातून निघालेला जिकी हा परफ्यूम दोघांनीही वापरला. आणि ओल्ड स्पाइस! आमच्या पिढीच्या कितीतरी बापांच्या दाढीचा वास तो. हे नाव अमेरिकेत १९३७ साली आलं ते बायकांसाठी. पुरुषांचा माल वर्षभराने, १९३८ मध्ये आला. १९९४ साली सीके वन हा परफ्यूम बाजारात आला, तेव्हा एकाच बाटलीवर मुलगा-मुलगी दोघांचा हक्क ही जाहिरातीची मोठी बातमी झाली.

आपल्याकडे ही वाटणी अत्तराच्या बाबतीत नव्हतीच. दरबार उठताना अत्तर-गुलाब आणि पानसुपारी व्हायची. लग्नात अजूनही पाहुण्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला गुलाबाचं किंवा हिन्याचं अत्तर लावतात, गुलाबदाणीने पाणी शिंपडतात. फेटा बांधलेला, मिशीवाला मामा गुलाबाचा वास घेऊन पंगतीला बसतो आणि त्यात कुणाला वावगं दिसत नाही. पॅरिसमध्ये गुलाब बाईचा आणि वाळा पुरुषाचा. आपल्याकडे वाळा माठातला, सरबतातला, म्हणजे तहान लागलेल्या कुणाचाही. तोच रेणू एका देशात मिशी लावून फिरतो आणि दुसऱ्या देशात शाळेतून आलेल्या पोरांच्या पेल्यात उतरतो. मग वास मुळात कुणाचा?

अमेरिकेत झेलनर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. परफ्यूम हुंगायला देऊन लोकांना त्यांना शोभेल असा रंग निवडायला सांगितला. दोघांसाठी म्हणून विकले जाणारे परफ्यूमही त्यात होते. हा पुरुषांचा आहे असं सांगितलं की लोकांनी एका प्रकारचे रंग निवडले आणि तोच बायकांचा आहे असं सांगितलं की दुसऱ्या प्रकारचे. बाटलीतलं द्रव्य तेच होतं, फक्त चिठ्ठी बदलली होती. स्वीडनमध्ये ॲना लिंडक्विस्ट यांनी २०१२ मध्ये नावं झाकून वास दिले, तर लोकांची आवड दुकानातल्या वाटणीशी जुळेना.

राहिला सगळ्यात अवघड भाग, स्वभावाचा.

मराठी भाषेने वास आणि स्वभाव फार पूर्वीच एका गाठीत बांधून ठेवले आहेत. उग्र वास, उग्र माणूस. मंद सुगंध, मंद स्मित. आणि दर्प. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व; मराठीत आपण दर्प म्हणतो तो अंगावर येणाऱ्या वासाला. गर्विष्ठ माणूस खोलीत शिरला की कसा सगळी जागा व्यापतो, तसाच तो वास. ज्याने पहिल्यांदा गर्वाचा शब्द वासाला लावला त्याला माणसाची आणि वासाची, दोन्हींची पारख होती. त्यामुळे वासावरून स्वभाव सांगायचा मोह नवा नाही. जाहिरातवाले तो फक्त खोक्यावर छापतात.

शास्त्राने हा मोह तपासून पाहिला आहे. जर्मनीत मेन्सिंग आणि बेक यांनी १९८० च्या दशकात असं मांडलं, की बहिर्मुख, मोकळ्या माणसांना ताजे, हलके वास आवडतात आणि अंतर्मुख माणसं उबदार, राळेच्या, जड वासांकडे वळतात. ऐकायला हे पटतं. पण मला यात एक अडचण दिसते. आवड ही नुसती स्वभावातून येत नाही. ती घरातून येते, ऋतूतून येते, ज्या आजीच्या कुशीत झोपलो तिच्या लुगड्यातून येते. ज्याच्या घरी रोज संध्याकाळी ऊद जळतो त्याला जड वास आवडला तर तो अंतर्मुख असेलच असं कसं म्हणायचं? तो फक्त घरी परतत असेल.

पोलंडमध्ये २०१२ साली झालेला अभ्यास मला जास्त विचार करायला लावतो. लोकांना तीन रात्री एकच टी-शर्ट घालून झोपायला सांगितलं, परफ्यूम-साबण वर्ज्य. मग अनोळखी माणसांनी ते शर्ट हुंगून, घालणाऱ्याचा स्वभाव कसा असेल ते सांगितलं. बहिर्मुखपणा, चिंता करण्याचा कल आणि वर्चस्व गाजवण्याची वृत्ती या तीन बाबतींत अंदाज नुसत्या नशिबापेक्षा थोडे बरे निघाले. थोडेच. पण शून्य नाही. म्हणजे अंगाच्या स्वतःच्या वासात माणसाबद्दल काहीतरी असावं.

त्याच वर्षी प्रागमधल्या अभ्यासकांनी पुढचा प्रश्न विचारला. माणूस स्वतः निवडतो तो परफ्यूम त्याच्या अंगाच्या वासाशी कसा मिसळतो? एका काखेला स्वतःच्या आवडीचा, दुसऱ्या काखेला अभ्यासकांनी दिलेला. हुंगणाऱ्यांना स्वतः निवडलेल्याचं मिश्रण जास्त आवडलं, जरी बाटलीतून नुसते हुंगताना दोन्ही सारखेच आवडले होते. मला वाटतं, भाचीच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारं उत्तर हेच. परफ्यूम माणसासारखा नसतो. पण माणूस नकळत असा वास उचलतो की तो त्याच्या कातडीशी पटवून घेईल.

कातडीचं काम मोठं आहे. तेलकट त्वचेवर जड रेणू जास्त टिकतात, कोरड्या त्वचेवरून लवकर जातात. घामाला स्वतःला फारसा वास नसतो; त्वचेवरचे जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा वास तयार होतो, आणि प्रत्येकाच्या काखेतली जिवाणूंची वस्ती वेगळी. म्हणून दुपारी चार वाजता, बाटली एकच असूनही, भाचीच्या मनगटावर राळ उरली होती आणि जावयांच्या मानेला काहीसं खारट लाकूड. तिच्या ओढणीला मात्र सकाळचाच वास होता. कापडाला ना ऊब असते, ना घाम.

आणि एक अभ्यास, ज्यावर मी वारंवार विचार करते. ब्रिटनमध्ये क्रेग रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तरुण मुलांना काखेत लावायचे फवारे दिले, काहींना सुगंधी, काहींना बिनवासाचे. मग त्यांचे आवाज बंद केलेले व्हिडिओ मुलींना दाखवले. सुगंधी फवारा वापरणारी मुलं त्यांना जास्त आकर्षक वाटली. मुलींना वास येणं शक्यच नव्हतं. स्थिर फोटोंत हा फरक दिसला नाही, फक्त हालचालींत दिसला. म्हणजे वासाने आधी लावणाऱ्याला बदललं; त्याची मान, खांदे, नजर बदलली. आणि समोरच्याने ते पाहिलं.

हे खरं असेल तर खोक्यावरचा मजकूर उलटा वाचायला हवा. गूढ आणि निर्भय माणूस हा परफ्यूम लावतो असं नाही. ज्याला त्या दिवशी थोडं निर्भय व्हायचं असतं, तो हा परफ्यूम लावतो. भाची नवीन नोकरीला लागली तेव्हा तिने ही बाटली घेतली होती. मीटिंगला जाण्याआधी ती एकदा मनगटाला लावते, हे तिने मला नंतर, भांडी विसळताना सांगितलं. नवऱ्याने ती का वापरायला घेतली, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्याला सवय झाली गं. मी बाहेरगावी असले की तो माझी बाटली वापरतो." माझ्या मते एकाच बाटलीवर दोघांचा हक्क असण्याचं यापेक्षा खरं कारण कुठल्याही जाहिरातीत छापलेलं नाही.

संध्याकाळी आम्ही साजगावला गेलो. वाटेत बांधावर थांबून मी लव्हाळ्याची एक जुडी उकरली. भात कापून झालं होतं, माती अजून ओलसर होती. काळ्या, केसाळ गाठी नखाने ठेचून भाचीच्या नाकाशी धरल्या. तिने दुसरं मनगट वर केलं, एकदा गाठ, एकदा मनगट, पुन्हा गाठ. मग काही न बोलता ती गाठ तिने रुमालात बांधली.

यात्रेत बोंबलांचे ढीग, मिरच्यांची पोती, पाळणे, भजनं. तुकोबा कधीकाळी मिरच्या विकायला इकडे उतरले होते, अशी इथली आख्यायिका आहे. देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याने दोघांच्याही कपाळाला बुक्का लावला, एकाच बोटाने, एकाच डबीतून. जावई बोटाला लागलेला बुक्का बराच वेळ हुंगत उभे राहिले.

"मिरी येते का?" भाचीने विचारलं.

"नाही. लाकूडच." त्यांनी ते बोट तिच्या नाकाजवळ नेलं. "तुला?"

तिने डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवली. मागून कुणीतरी ढकललं, रांग पुढे सरकली. परतताना आम्ही दोन जुड्या बोंबील घेतले आणि त्यांच्या गाडीच्या डिकीत टाकले.